पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट पाणी होतं तेव्हा ही गाडी कुठं होती?

ताईच्या गाडीचं ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबरच्या शेवटी गाडी दारात आली. मधल्या सात आठवड्यांत आम्ही नऊ गाड्या बघितल्या, एकीला विसार देऊन बसलो, तो परत घेतला, आणि जी शेवटी घेतली ती पत्ता बघून पहिल्यांदा आम्हीच नको म्हणलेली. सगळं सविस्तर लिहितोय कारण कोल्हापुरात जुनी गाडी घेताना लोक किलोमीटर विचारतात, ओनर किती विचारतात, ॲव्हरेज विचारतात, आणि जे पहिल्यांदा विचारायला पाहिजे, गाडी पुरात बुडालेली का, तेच राहून जातंय.

आधी गरज काय होती ते सांगतो. ताईचा घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आहे, महिन्यातनं एकदा पुण्याला पंधरा-वीस बॉक्स जातात, आणि दाजी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. आत्तापर्यंत शेजाऱ्यांची हॅचबॅक मागून न्यायचे. ज्यांनी मसाल्याचे बॉक्स मागच्या सीटमागं ठेवून २३० किलोमीटर प्रवास केलाय त्यांना सांगायला नको, साताऱ्यापर्यंत डोळ्यातनं पाणी यायला लागतं, पोरं तर शिंकून शिंकून बेजार. म्हणून ताईचं एकच म्हणणं होतं की डिकी वेगळी पाहिजे. मोठी सेडान गल्लीत वळत नाही, लावायला जागा नाही, त्यामुळं चार मीटरच्या आतली सेडान हे पहिल्याच दिवशी ठरलं.

ह्या चार मीटरच्या आतल्या सेडान म्हणजे आपल्याकडच्या टॅक्सच्या नियमातनं जन्माला आलेला प्रकार आहे. लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत असलं की छोट्या गाडीचा कमी टॅक्स लागतो, म्हणून कंपन्यांनी डिक्या आखडून गाड्या ह्या मापात बसवल्या. टाटाची इंडिगो सीएस २००८ ला आली ती पहिली, मग २०१२ ला डिझायर कापून चार मीटरच्या आत आली, २०१३ ला अमेझ, पुढं एक्सेंट, ॲस्पायर, टिगोर, ऑरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, त्याआधी पेट्रोलवर सेस धरून २९ होता. त्यामुळं दसऱ्याला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दाजींचंही मन नव्याकडं वळलेलं.

नव्याचा हिशेब आम्ही मनापासून केला. डिझायरचं सगळ्यात खालचं मॉडेल एक्स-शोरूम सव्वासहा लाखाच्या आसपास, त्यावर महाराष्ट्रात पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, इन्शुरन्स, बाकीचं किरकोळ, म्हणजे रस्त्यावर यायला सव्वासातच्या वर. एक पायरी वरचं घेतलं तर आठच्या पुढं. ताईकडं साठवलेले ३ लाख ३० हजार. पाच लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर महिन्याला साधारण १०,४०० हप्ता येतो. दाजी म्हणाले, "बसतोय की, ओढू कसातरी." ताई म्हणाली मसाल्याचा धंदा उन्हाळ्यात चालतो, पावसाळ्यात हप्ता कुठनं भरायचा. मला ताईचं पटलं. नवी गाडी वाईट म्हणून नाही, पण तीन महिने धंदा बसला तर झोप उडेल असा हप्ता घ्यायचाच नाही. मग बजेट ठरलं, सगळं धरून साडेपाच लाख, त्यात दोन लाख पतसंस्थेचं कर्ज.

डिझेल एका संध्याकाळीच बाद झालं. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीला डिझेलचा काही फायदा नाही, आणि सात-आठ वर्षं जुन्या डिझेलचे इंजेक्टर एकदा गेले की दोन वर्षं वाचवलेलं तेल एका बिलात जातंय. सीएनजीत टाकी डिकी खाते आणि डिकीसाठीच तर गाडी घेतोय. टिगोरमध्ये टाटा दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाला बसवते म्हणून जागा उरते, पण ती जुन्यात बजेटमध्ये मिळेना. राहिली पेट्रोल डिझायर किंवा अमेझ.

आता मुख्य प्रकरण.

कावळा नाक्याच्या बाजूला एका जुन्या गाड्यांच्या दुकानात एक डिझायर दिसली. मार्च २०१८ ची, पेट्रोल, एमएच ०९ पासिंग, फर्स्ट ओनर, मीटरवर ४८ हजार किलोमीटर, पांढरा रंग, आतनं चकाचक. मागणी ४ लाख ७५ हजार. तेवढ्याच वयाच्या दुसऱ्या डिझायर आम्हाला सव्वापाचला सांगितलेल्या. कमी का म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "साहेब, जीएसटीनं बाजार पडलाय, माल काढायचा आहे." हे खोटं नव्हतं, नव्याच्या किमती उतरल्या की जुन्याच्या उतरतातच. म्हणून आम्हाला शंका आली नाही. आरसीवर पत्ता राजारामपुरीचा. पुराचं मी विचारलं होतं हां, पहिल्याच भेटीत. दुकानदार म्हणाला, "राजारामपुरीत कधी पाणी आलंय का, तुम्हीच सांगा." बरोबर आहे, ते उंचावर आहे. आम्ही गप्प.

इन्शुरन्सची पॉलिसी दाखवली, मार्च २०२५ ची, त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. "बघा, एक क्लेम नाही आजतागायत." दाजींनी तिथंच ११,००० विसार काढून दिला. मी एवढंच केलं की पावतीवर त्यांच्या हातानं लिहून घेतलं, "मेकॅनिकच्या तपासणीत दोष निघाल्यास विसार पूर्ण परत." त्यांना ते आवडलं नाही पण लिहिलं. ही एक ओळ पुढं कामाला आली.

रात्री घरी पॉलिसीचा फोटो बघत बसलो होतो आणि मग डोक्यात गणित सुरू झालं. नो क्लेम बोनस पहिल्या बिनक्लेम वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५, ५०. म्हणजे ५० टक्के व्हायला सलग पाच वर्षं क्लेम नसावा लागतो, त्याच्यावर तो वाढत नाही. मार्च २०२५ च्या पॉलिसीवर ५० आहे याचा अर्थ मार्च २०२० पासून मार्च २०२५ पर्यंत क्लेम नाही. त्याच्या आधीच्या दोन वर्षांबद्दल हा कागद काहीच बोलत नाही! मध्येच क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि परत पहिल्यापासून चढतो, पण पाच वर्षं गेली की पुसल्यासारखं होतं, क्लेम झालेली आणि न झालेली, दोन्ही गाड्या ५० टक्क्यांवर सारख्याच दिसतात. आणि न कळलेल्या त्या काळात काय बसतंय तर ऑगस्ट २०१९ चा महापूर.

ज्यांनी तो ऑगस्ट बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, आणि त्यावर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, शहर कितीतरी दिवस तुटलेलं. शाहूपुरी, दुधाळी, सुतारमळा, नागाळा पार्काचा खालचा भाग, सगळीकडं गाड्या पाण्यात. २०२१ च्या जुलैत परत तेच. त्या गाड्यांचं पुढं काय झालं असेल? काही भंगारात गेल्या, काही दुरुस्ती परवडत नाही म्हणून टोटल लॉस ठरून लिलावात गेल्या, आणि बऱ्याच धुऊन-पुसून, वाळवून, वायरिंग बदलून परत रस्त्यावर आल्या. आज सहा वर्षांनी त्या बाजारात फिरतायत, आणि त्यातल्या प्रत्येकीची आरसी एकदम स्वच्छ आहे, कारण आरसीवर पूर लिहायला रकानाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडं २०२० ची पॉलिसी मागितली. म्हणाला जुने कागद कोण ठेवतंय. मग ठरलेल्याप्रमाणं गाडी शिवाजी उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींकडं नेली. सगळे त्यांना मामाच म्हणतात, तीस वर्षांच्या वर झाली हात काळे करतायत. मामांनी बोनेट उघडलंच नाही आधी. पहिल्यांदा मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढून काढला, अगदी थांबेपर्यंत. शेवटच्या दीड फुटावर आडवा मातकट डाग. "हात लाव," म्हणाले. बोटाला बारीक माती लागली, पिठासारखी. मग पुढच्या सीटचे बेल्ट बघितले, ते कोरे, डाग नाही. पण बेल्टच्या खालच्या टोकाला शिवलेलं लेबल असतं, त्यावर बनवल्याचं साल असतं, तिथं २०१९. गाडी मार्च २०१८ ची. म्हणजे पुढचे दोन्ही बेल्ट कोणीतरी नंतर बदललेत, मागचे तसेच ठेवलेत, कारण मागं कोण बघतंय.

पुढं मग एकेक निघत गेलं. सीट ज्या पट्टीवर सरकते तिचे बोल्ट गंजलेले आणि त्यावर काळा रंग मारलेला, बोल्टच्या डोक्याला पान्याच्या खुणा, म्हणजे सीट पूर्ण काढून परत बसवलेल्या. कारपेट नवं, फॅक्टरीचं नाही, कडा हातानं कापलेल्या. डिकीत स्टेपनी उचलली तर खालचा पत्रा स्वच्छ रंगवलेला, पण जॅक बसतो त्या खाचेत कोपऱ्याला गाळ वाळून बसलेला. डॅशबोर्डच्या खाली टॉर्च घालून मामांनी एक कनेक्टर सोडवला, आतल्या पितळी टाचण्यांवर हिरवं आलेलं.

"ही पाण्यातनं आलीया. सीटच्या वरपर्यंत नसंल, पर फ्लोअर बुडालंय," मामा म्हणाले. दाजींना तरी पटेना, ते म्हणाले, "अहो मामा, सहा वर्षं पळतीय की मग, आता काय होणार?"

ह्याला मामांनी जे उत्तर दिलं ते मी तेव्हापासून दहा जणांना तरी सांगितलं असेल. ते म्हणाले इंजिनचं सोड, इंजिन उघडून धुता येतं. त्यांनी दोन सीटच्या मधल्या कन्सोलवर हात ठेवला. एअरबॅगचं कंट्रोल युनिट ह्याच्या खाली असतं, जवळजवळ फ्लोअरलाच. फ्लोअर बुडालं की पहिल्यांदा ते बुडतं. वायरीत ओल एकदा शिरली की ती तांब्याच्या आत आत चालत राहते, आज एसी बंद पडेल, सहा महिन्यांनी पॉवर विंडो, आणि एअरबॅग उघडायच्या वेळी उघडणार की नाही हे ठोकल्याशिवाय कळणारच नाही. मग त्यांनी चावी फिरवली आणि मीटरकडं बघायला सांगितलं. इग्निशन ऑन केलं की एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. आमच्या ह्या गाडीत तो पेटलाच नाही. पेटून विझला नाही तर बिघाड, आणि मुळात पेटलाच नाही तर दिवा गेलाय नाहीतर कोणीतरी काढून टाकलाय. ताई तिथंच उभी होती, तिनं पोरांकडं बघितलं आणि म्हणाली, "चला घरी."

मला मात्र राजारामपुरीचा पत्ता सुटत नव्हता. उंचावरच्या पत्त्यावरची गाडी बुडली कशी? कोल्हापूर तसं लहान आहे, दाजींच्या कंपनीतल्या एकाच्या ओळखीतनं मूळ मालकापर्यंत पोचलो. गृहस्थ सरळ निघाले. राहायला राजारामपुरीत, पण गोडाऊन शाहूपुरीत, त्या आठवड्यात माल वर चढवायला म्हणून गाडी तिकडं नेली आणि तिथंच अडकली, चार दिवस पाण्यात. क्लेम घेतला, दुरुस्त केली, पुढं वापरली, आणि एक्सचेंजला देताना पुराचं स्पष्ट सांगितलं होतं असं ते म्हणाले. २०२० ची पॉलिसी त्यांच्याकडं मेलमध्ये होती, ती दाखवली, नो क्लेम बोनस शून्य.

म्हणजे त्यांनी लपवलं नाही, मधल्यानं लपवलं. याचा राग मला अजून आहे. चाळीस-पन्नास हजारांच्या नफ्यासाठी ज्या गाडीची एअरबॅग चालेल की नाही माहीत नाही ती लेकरंबाळं असलेल्या घराला विकायची, आणि वर पॉलिसी दाखवून छातीठोकपणे सांगायचं की क्लेम नाही. विसार परत मिळायला तीन चकरा झाल्या, पावतीवरची ती ओळ नसती तर मिळाला नसता.

यानंतर आम्ही पद्धतच बदलली. गाडी बघायला जायच्या आधी फोनवर दोनच प्रश्न. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला ही गाडी रात्री कुठं लावलेली होती, आणि पहिल्यापासूनच्या सगळ्या पॉलिस्या आहेत का. पाच जणांनी तिथंच फोन ठेवला. एकजण चिडला. दोघांनी "बघून सांगतो" म्हणलं आणि परत फोन केला नाही.

आता ती अमेझ. जानेवारी २०१९ ची, पेट्रोल, दुसऱ्या पिढीची, ४१ हजार किलोमीटर, मालक एक निवृत्त सरकारी कर्मचारी, स्वतःच विकत होते, मध्ये दलाल नाही. पत्ता शुक्रवार पेठ. पत्ता ऐकल्या ऐकल्या मी ऑक्टोबरमध्येच दाजींना म्हणलेलो, नदीकाठची गाडी बघायचीच नाही. आता परत फोन केला आणि तेच दोन प्रश्न विचारले, तर ते काका एका दमात बोलायला लागले. म्हणाले आमच्या पेठेत पाणी नवीन आहे का, २००५ ला बघितलंय, बंधाऱ्यावर पाणी वाढायला लागलं की मी पहिल्यांदा गाडी काढतो, मेव्हण्याकडं आर. के. नगरला नेऊन लावतो, मग घरातलं सामान वर चढवतो. दोन्ही वर्षी तेच केलं. आणि त्यांच्याकडं एक प्लास्टिकची फाईल होती, पहिल्या पॉलिसीपासून शेवटच्यापर्यंत, मध्ये एकही गाळलेली नाही. २०२० ला २० टक्के, २०२१ ला २५, मग ३५, ४५, आणि २०२४ ला ५०. पायरी कुठं तुटलेली नाही. सर्व्हिसची बिलंही तारखेनं लावलेली.

उंचावर राहणाऱ्याची गाडी बुडली आणि पाण्यात राहणाऱ्याची वाचली. ज्यांच्या दारात पाणी येतं त्यांना गाडी कधी हलवायची ते माहीत असतं.

तरी कागदावर भागवलं नाही. बोनस तुटला नाही म्हणजे क्लेम केला नाही एवढंच, खिशातनं दुरुस्त केली असेल तर ते कागदावर येत नाही. मामांकडं नेली, त्यांनी परत सगळं तेच केलं, चारी बेल्ट ओढले, लेबलं बघितली, स्टेपनीखालचा पत्रा बघितला, तिथं कंपनीचा मूळ रंग आणि थोडी धूळ. धूळ असणं चांगलं, म्हणाले, कोणी पुसायला गेलं नाही. एअरबॅगचा दिवा पेटला आणि विझला. डाव्या मागच्या दाराला रंग मारलेला निघाला, काकांनी आधीच सांगितलेलं, रिक्षा घासलेली. टायर चारीही पहिलेच, टायरवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, तिथं ४८१८ होतं. नक्षी शिल्लक दिसत असली तरी सात वर्षांचं रबर हायवेला नको.

मग पन्हाळा. गाडीत पाच जण, एसी चालू, केर्लीवरनं वाघबिळाची चढण. शोरूमभोवती सपाट रस्त्यावर एक फेरी मारून क्लच कळत नाही, चढावर तिसऱ्यात ॲक्सिलेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी उचलत नाही असं झालं की क्लच घसरतोय. इथं तसं काही नव्हतं. उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतायत का ते बघितलं, तापमानाचं चिन्ह बघितलं. वर जाऊन इंजिन बंद केलं, पंधरा मिनिटं थांबलो, परत एका सेल्फला चालू. ताईनं तेवढ्यात डिकीत मसाल्याचे मोकळे बॉक्स लावून बघितले, ४२० लिटरची डिकी आहे, सोळा बसले, बाकीचे मागच्या सीटखाली पायाशी. डिकी बंद केल्यावर वास आत येत नाही हे तिनं एक भरलेला बॉक्स ठेवून पक्कं केलं.

काका ५ लाख २५ म्हणत होते. टायर आणि जीएसटीनंतरचा बाजार हे दोनच मुद्दे मांडले, फाईलला नावं ठेवली नाहीत, ४ लाख ८५ ला झालं.

कागदांचं थोडक्यात. एकाच आरटीओतली गाडी म्हणून एनओसी लागली नाही, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. काकांचं कर्ज २०२२ ला फिटलेलं पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच, त्यांना वाटलेलं हप्ते संपले की आपोआप उतरतो. उतरत नाही, बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ द्यावाच लागतो, त्यात आठ दिवस गेले आणि तोपर्यंत आम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत. ई-चलान दोन निघाली, त्यांनी समोर भरली. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्यानं हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायची होती, चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी. त्यांचा फास्टॅग बंद करून आमचा नवा. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत नावावर करून घेतला, आणि इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, ५० टक्के बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो काका घेऊन गेले, ताई शून्यापासून सुरू.

एकूण बसलं ते असं, गाडी ४,८५,०००, चार टायर १९,६००, इन्शुरन्स १४,६००, सर्व्हिस आणि ऑइल ६,४००, नावावर करायला एजंटासकट ३,५००, नंबर प्लेट ८७९. पाच लाख तीस हजार. पतसंस्थेचं कर्ज दोन लाख, १२ टक्क्यांनी तीन वर्षं, हप्ता ६,६५० च्या आत.

इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट वेगळे पैसे भरून घेतलं. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण पाण्यात उभी गाडी चालू करायला गेलं आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर ते इंजिन सहसा धरत नाहीत. ताईचं घर नागाळा पार्कात खालच्या अंगाला आहे म्हणून हे घेतलंच. आणि काकांनी गाडीची चावी देताना दाजींना विचारलं होतं, पाणी आलं की कुठं लावणार? तेव्हा दाजींना उत्तर देता आलं नाही. आता ठरलंय. बंधाऱ्यावर ३९ झालं की गाडी त्याच रात्री माझ्याकडं मोरेवाडीला येणार, ४३ ची वाट बघायची नाही, दुसरी चावी माझ्या घरात खुंटीला लावून ठेवलीय.